नोंद आहे, पण कोणत्या कचेरीत?

सप्टेंबर २०२३ नंतर आधी मराठवाड्यातल्या आणि मग राज्यभरातल्या तहसील कचेऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे हात न लागलेले रुमाल सुटू लागले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती आणि तपासायच्या कागदपत्रांची एक लांबलचक यादी खाली पाठवली होती. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही, १९५१चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, शाळांचे प्रवेश-निर्गम रजिस्टर ही त्यातली अपेक्षित नावे. पण त्याच यादीत पोलीस ठाण्याचे गुन्हे रजिस्टर होते, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची नोंदवही होती, ताडीच्या आणि मळीच्या परवान्यांची रजिस्टरेही होती. पणजोबांची जात शोधायला अबकारी खात्याचे कपाट उघडावे लागेल, हे कुणाच्या स्वप्नात आले असते?

मराठा आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू खरी, हा वेगळा विषय. मात्र या शोधाने एक गोष्ट गावोगावच्या लोकांना कळली. सरकारी कागद बहुतेक वेळा हरवलेला नसतो, तो भलत्याच कचेरीत असतो. आणि तो मिळवणे हे ओळखीपाळखीपेक्षा पत्ता माहीत असण्यावर अवलंबून असते. नोंदवहीचे नाव, गाव, साल आणि क्रमांक या चार गोष्टी अर्जात असल्या, की कारकुनाला ‘शोधून सांगतो, पुढच्या आठवड्यात या’ म्हणायला फारशी जागा राहत नाही.

तालुक्याच्या गावी महसुलाचे दप्तर एकाच ठिकाणी असेल, असे बाहेरच्याला वाटते. प्रत्यक्षात ते निदान पाच-सहा घरांत वाटलेले असते. चालू सातबारा आणि फेरफार ग्राममहसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे कालपरवापर्यंतच्या तलाठ्याकडे. जुने सातबारे, जुने फेरफार, कूळकायद्याची प्रकरणे आणि जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींची कोतवाल बुके तहसीलच्या अभिलेख कक्षात. जमिनीचा आकार आणि हद्द दाखवणारे कागद, म्हणजे टिपण, गुणाकार बुक, फाळणीचे नकाशे, हे त्याच आवारात किंवा गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात. खरेदीखत, गहाणखत दुय्यम निबंधकाकडे. घराची आकारणी आणि जन्ममृत्यूची अलीकडची नोंद ग्रामपंचायतीत. दाव्याचा निकाल कोर्टाच्या नक्कल विभागात. तलाठ्याकडे जाऊन ‘आमच्या वावराचा बांध कुठवर ते दाखवा’ असा आग्रह धरणारा शेतकरी दिवसभर ताटकळतो, कारण तो नकाशा तलाठ्याच्या ताब्यात नसतोच.

या पसाऱ्याची मुळे जुनी आहेत. १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमीन मोजून साऱ्याची नवी बांधणी केली आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. मोजणीदार शंकू साखळी वापरत. तिची लांबी ३३ फूट आणि तिचे भाग सोळा आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. त्या काळच्या टिपणावर आजही बांधाची भांडणे मिटतात किंवा पेटतात. पण ही मोजणी साऱ्यासाठी होती. शेत कोण कसतो आणि सारा कोण भरतो, एवढ्याशी सरकारला मतलब. कोणाचा काय हक्क आहे याची रीतसर नोंदवही मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्याने आली आणि १९१३मध्ये ती जमीन महसूल कायद्यातच सामावली गेली. म्हणून नकाशाचे कागद एका खात्यात वाढले आणि हक्काचे दुसऱ्या खात्यात.

आता एखाद्या घराने ठरवले, की आजोबांच्या जमिनीचे पुढे काय झाले ते शोधायचे. सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून होते. गाव नमुना ७ हक्काचा, नमुना १२ पिकांचा, दोन्ही एका कागदावर. मे २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या १५ रुपयांत निघतो, त्यामुळे पहिली पायरी सोपी झाली आहे. पण खरा शोध उताऱ्यावरच्या नावांत नसतो, तो फेरफार क्रमांकांत असतो. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर हे क्रमांक गोल करून लिहिलेले दिसतात. ज्याचा हक्क गेला त्याच्या नावाला कंस पडतो आणि ज्या फेरफाराने तो गेला, त्याचा आकडा शेजारी असतो. कंसातले नाव आणि गोलातला आकडा या दोन खुणा ज्याला वाचता येतात, त्याने निम्मी वाट चालली असे समजावे.

फेरफार म्हणजे गाव नमुना ६. त्यात कोणत्या कारणाने नाव बदलले ते लिहिलेले असते: वारस, खरेदी, वाटप, बक्षीस, बोजा, कोर्टाचा हुकूम. तलाठी नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. एक फेरफार वाचला की त्याआधीचा धारक कळतो, त्याच्या नावावरून आधीचा उतारा, त्यावरून आधीचा फेरफार. असे मागे मागे जात असताना दोन ठिकाणी रस्ता हमखास तुटतो.

पहिले ठिकाण एकत्रीकरणाचे. १९४७च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण योजना राबवली गेली आणि जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या काळातला सर्व्हे नंबर ४२ आज गट नंबर ११७ असू शकतो, किंवा दोन गटांत विभागलेला असू शकतो. अर्जात आजचा गट नंबर लिहून १९५०चा उतारा मागणाऱ्याला ‘सदर गटाची नोंद आढळत नाही’ असे उत्तर मिळते, आणि ते खोटेही नसते. या वळणावर भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा जबाब किंवा गट आणि सर्व्हे नंबर यांचा ताळमेळ दाखवणारा उतारा आधी घ्यावा लागतो. मगच तहसीलच्या अभिलेख कक्षाकडे वळायचे.

दुसरे ठिकाण कूळकायद्याचे. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी मुंबई इलाख्याच्या भागातली असंख्य कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. त्यानंतर कलम ३२-ग खाली किंमत ठरली, ती भरली गेली, आणि ३२-म चे प्रमाणपत्र निघाले. कित्येक घरांत हे प्रमाणपत्र देव्हाऱ्यामागे जपून ठेवलेले असते, पण प्रकरणाची मूळ फाइल तहसीलमध्ये कुळाच्या नावाने नव्हे तर प्रकरण क्रमांकाने लावलेली असते. तो क्रमांक त्या वेळच्या फेरफारात सापडतो.

भाऊबंदकीच्या बऱ्याच कथा आणखी एका छोट्या शेऱ्याशी येऊन थांबतात: ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील वारल्यावर थोरल्याचे नाव लागले, पुढे हा शेरा नव्या उताऱ्यावर उतरला नाही, आणि धाकट्यांच्या मुलांना साठ वर्षांनी कळले की कागदावर आपण कुणीच नाही. अशा वेळी जुन्या फेरफाराची सही-शिक्क्याची नक्कल लाखमोलाची ठरते. मात्र एवढे लक्षात ठेवायला हवे की महसुली नोंद म्हणजे मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम १५७ नोंद खरी मानून चालते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. मालकीचा वाद मिटवणे हे दिवाणी कोर्टाचे काम.

महाराष्ट्र तीन राजवटींच्या तुकड्यांतून जोडला गेला आणि दप्तरे मात्र जोडली गेली नाहीत, हे फिरल्यावर कळते. पुणे किंवा साताऱ्याकडे चालणारा पत्ता बीडमध्ये चालत नाही. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाकडे, त्यामुळे तिथल्या जुन्या कागदांत उर्दू आहे, मोडी आहे, आणि साले फसली आहेत. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे फसली १३५० हे साधारण १९४०-४१. तिकडे शोधणाऱ्यांच्या तोंडी १९५४-५५चे खासरा पत्रक हे नाव सारखे येते, कारण अनेक गावांसाठी तेच हाताशी लागणारे पहिले सलग दप्तर आहे. विदर्भाचा मोठा भाग मध्य प्रांतात होता. तिथे मालगुजारी होती आणि ती १९५१मध्ये संपली. मालगुजाराच्या जंगलात, तळ्यावर, चराईवर गावाचे जे हक्क होते ते निस्तार पत्रकात लिहिले गेले. वनहक्क कायदा २००६ आल्यावर हाच धूळ खात पडलेला कागद सामूहिक दाव्यांसाठी पुरावा म्हणून मोलाचा ठरला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हापासून आसपासच्या गावांतही निस्तार पत्रकाची मागणी करणारे अर्ज ही नवलाची गोष्ट राहिली नाही. कोकणात खोतीचे कागद वेगळे. गोव्यात तर उताऱ्याचे नावच फॉर्म १ व १४, आणि १९६१पूर्वीच्या जन्माच्या नोंदी पोर्तुगीज भाषेत, नागरी निबंधकाच्या कार्यालयात. पोर्तुगालचे नागरिकत्व मागणाऱ्या गोवेकरांनी त्या नोंदवह्यांना अलीकडे चांगलेच दिवस आणले आहेत.

मोडीचा अडसर सगळीकडे आहे. नोंद मिळते, नक्कलही मिळते, पण वाचायची कुणी? २०२३च्या शोधमोहिमेत जिल्हाधिकाऱ्यांना मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली, कारण कचेरीत ती लिपी जाणणारा माणूस उरलेला नव्हता. पेशवे दफ्तरासाठी पुण्याला येणारे अभ्यासक मोडी शिकूनच येतात. तालुक्याला येणारा शेतकरी तसा कसा येईल? पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते आणि जाणकारांच्या याद्या मिळतात, पण लिप्यंतराचा खर्च अर्जदाराच्याच माथी.

आता मागायचे कसे, हा मुद्दा. गावाकडे अलीकडे कोणत्याही कागदासाठी थेट माहिती अधिकाराचा अर्ज ठोकण्याची रीत पडली आहे. ती दरवेळी शहाणपणाची नाही. जमिनीच्या नोंदीची नक्कल मिळण्याचा हक्क माहिती अधिकाराच्या कितीतरी आधीपासून आहे. जमीन महसूल अधिनियमाचे कलम ३२७ नकाशे आणि भूमी अभिलेख लोकांना पाहायला मोकळे ठेवते आणि फी भरून उतारे देते. तपासणी, शोध व नकलांचे नियम १९७०मध्येच झाले. साधा नक्कल अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टँप, आवक क्रमांक घातलेली पोच, आणि मिळते ती प्रमाणित प्रत कोर्टात चालते. कोर्टाच्या स्वतःच्या कागदांबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्टच सांगितले, की नकला न्यायालयाच्या नियमांनुसार मागाव्या, माहिती अधिकारातून नव्हे.

माहिती अधिकाराची गरज पडते ती कचेरीने कागद हलवला का, कुणी हलवला आणि कुठे अडकला ते पाहायचे असते तेव्हा. फाइलवरचे शेरे, आवक-जावक रजिस्टर, मोजणीचा रोजनामा, घरकुलाची यादी, रोजगार हमीचे हजेरीपट. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४च्या डिसेंबरात कोट किराना गावी जी जनसुनावणी घेतली, ती अशाच हजेरीपटांवर. कागदावर मजुरी घेतलेली आणि प्रत्यक्षात हयातच नसलेली माणसे तेव्हा भर सभेत वाचून दाखवली गेली. महाराष्ट्राचा स्वतंत्र माहिती कायदा २००२च्या अध्यादेशातून आला आणि १२ ऑक्टोबर २००५पासून केंद्राचा कायदा लागू झाला. देशातला पहिला अर्ज त्याच दिवशी पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात दाखल झाला.

महाराष्ट्रात अर्जाचा नमुना जोडपत्र ‘अ’, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. २०१२च्या दुरुस्तीने एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा घातली. या मर्यादेवर पुष्कळ टीका झाली आणि ती रास्तही आहे. पण चांगला अर्ज शंभर शब्दांत मावतो, हेही तितकेच खरे. ‘माझ्या जमिनीवर अन्याय का झाला, दोषी कोण, कारवाई कधी’ असे विचारणारा अर्ज हमखास फेटाळला जातो. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सांगितले, की जी माहिती नोंदीत आहे तीच द्यायची असते. मत देणे, अर्थ लावणे, नवा तक्ता तयार करणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. त्यामुळे ‘का’ विचारण्यापेक्षा ‘अमुक मौजे, फेरफार क्रमांक अमुक, त्यावरील नोटिसांच्या पोचा व मंडळ अधिकाऱ्याचा प्रमाणन शेरा यांच्या प्रती’ असे लिहावे. ‘का’चे उत्तर बहुतेक वेळा त्या पोचांतच असते, कारण ज्याला नोटीस मिळाल्याचे लिहिले आहे त्याच्या सहीच्या जागी कोरा कागद सापडतो.

तहसीलमध्ये जन माहिती अधिकारी बहुधा नायब तहसीलदार असतो आणि पहिले अपील तहसीलदाराकडे. उत्तराची मुदत ३० दिवस, पहिल्या अपिलाला आणखी ३०, दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. तिथे मात्र रांग मोठी आहे, हजारो अपिले पडून असतात, आणि तारीख लागेपर्यंत शेतात दोन-चार पिके निघून जातात. चुकीच्या कचेरीत अर्ज पडला तरी घाबरायचे कारण नाही. कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य कचेरीकडे पाठवणे ही त्यांची जबाबदारी. कागद प्रत्यक्ष पाहायचा असेल तर पहिला तास फुकट आणि पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. प्रतीला पानामागे दोन रुपये. अनुभवी मंडळी आधी पाहणीच मागतात. सहाशे पानांची फाइल झेरॉक्स करून घेण्यापेक्षा तासाभरात उलटून हवी ती आठ पाने खुणेच्या चिठ्ठ्या घालून निवडणे परवडते. २०१८मध्ये सामान्य प्रशासन विभागाने याहून सोपी सोय केली: जिल्हा पातळीवरच्या आणि खालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ लोकांना अभिलेख पाहू द्यावेत. ही सोय कितीशा तालुक्यांत फलकावर लावलेली दिसते, हे वाचकाने आपल्याच कचेरीत जाऊन पाहावे.

मग येते ते प्रसिद्ध उत्तर, ‘अभिलेख उपलब्ध नाही.’ याचे तीन अर्थ असू शकतात. एक, कागद नियमाने नष्ट केला. महसूल खात्यात ‘अ’ वर्गाचे अभिलेख कायम जपायचे असतात, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ एकच वर्ष. तेव्हा दोन वर्षांपूर्वीचा किरकोळ पत्रव्यवहार गेला असेल तर तक्रार चालणार नाही, पण फेरफार रजिस्टर ‘नष्ट केले’ म्हणणाऱ्याला नष्ट केल्याची यादी आणि मंजुरी दाखवावी लागेल. दोन, कागद आहे पण सापडत नाही. तीन, सापडू द्यायचा नाही. या शेवटच्या दोन अवस्थांना कायद्यात सूट नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात म्हटले, की कागद गहाळ आहे एवढे सांगून सुटका होत नाही, कसून शोध घ्यावा लागतो आणि जबाबदारी ठरवावी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये तर अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे. पुढच्या अर्जात या कायद्याचा नुसता उल्लेख केला, की कित्येक ‘गहाळ’ गठ्ठे माळ्यावरून खाली येतात, असे या वाटेने गेलेले कार्यकर्ते हसत हसत सांगतात.

सगळा दोष कारकुनांचा नाही. तालुक्याचा अभिलेखपाल हा बऱ्याचदा एकटा माणूस, त्याच्याकडे निवडणुकीचेही काम, गळके छप्पर आणि वाळवी. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतले कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याची पद्धत घालून दिली: चालू कामाचे, उत्तराची वाट पाहणारे, नियतकालिकांचे, स्थायी आदेशांचे, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. लखिना पॅटर्न म्हणून ती राज्यभर गेली. जिथे ती अजून पाळली जाते तिथे कागद मिळायला वेळ लागत नाही, हे कचेरीत पाऊल टाकताच कळते. आता जुने अभिलेख स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर येत आहेत. पण स्कॅन करताना गावाचे नाव किंवा साल चुकीचे टाकले गेले, तर पडद्यावर काहीच दिसत नाही आणि मूळ रजिस्टर मात्र कपाटात शाबूत असते. पडद्यावर नाही म्हणून परत फिरू नये, मूळ रजिस्टरची पाहणी मागावी.

अलीकडचा मोठा बदल खासगी माहितीबाबतचा आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मधली खासगी माहितीची सूट रुंदावली आणि नोव्हेंबर २०२५मध्ये ती दुरुस्ती लागू झाली. लाभार्थ्यांची यादी, कर्मचाऱ्याची हजेरी, शेजाऱ्याच्या बांधकाम परवान्याची फाइल अशा अर्जांना आता ‘वैयक्तिक माहिती’ हे उत्तर अधिक सहज मिळेल. तरी व्यापक जनहिताचे कलम ८(२) जागेवर आहे, आणि वीस वर्षांहून जुन्या घटनांना ८(१) मधल्या बहुतेक सवलती लागू होत नाहीत, हे ८(३) सांगते. वंशावळीसाठी १९३० किंवा १९५०चे रजिस्टर मागणाऱ्याने हे पोटकलम अर्जातच लिहून टाकावे. शिवाय ज्या नोंदी मुळात दुसऱ्या कायद्यांनी खुल्या आहेत, त्यांच्यासाठी ही वाट धरायचीच गरज नाही. १९०८च्या नोंदणी कायद्याचे कलम ५७ दुय्यम निबंधकाचे पुस्तक क्रमांक १ आणि त्याच्या सूच्या मागेल त्याला पाहू देते. जमीन विकत घेण्याआधी सूची क्रमांक २ काढायला विकणाऱ्याची संमती लागत नाही, अर्जात कारण लिहावे लागत नाही, आणि तालुक्याच्या कचेरीत ते काम एका दुपारी उरकते.